द वेस्ट विंग, सीझन ४: प्रचार ऐन रंगात आणि पहिला भाग सोयाबीनच्या शेतात?

नीलकंठ (शुक्रवार, २१:१२)

'द वेस्ट विंग' या व्हाइट हाउसवरच्या अमेरिकन मालिकेबद्दल इथे इतर धाग्यांवर अधूनमधून बोलणं होतं, पण चौथ्या सीझनच्या सुरुवातीवर कुणी सविस्तर लिहिलेलं दिसलं नाही. म्हणून हा धागा. 'ट्वेंटी अवर्स इन अमेरिका' हा जोडभाग एनबीसीने २५ सप्टेंबर २००२ ला एकाच रात्री सलग दाखवला. त्या दिवशी जन्मलेली मुलं आता मतदान करतात, तेव्हा स्पॉयलरवरून भांडायला कुणी येऊ नये.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जोसाया बार्टलेट (मार्टिन शीन) हा डेमोक्रॅटिक राष्ट्राध्यक्ष दुसऱ्या टर्मसाठी उभा आहे. समोर फ्लॉरिडाचा रिपब्लिकन गव्हर्नर रॉबर्ट रिची. नोव्हेंबरचं मतदान तोंडावर आलंय. अशा वेळी कुठलाही पटकथाकार वॉर रूम दाखवेल, सर्व्हेचे आकडे दाखवेल, स्टेजमागची धावपळ दाखवेल. अ‍ॅरन सॉर्किन काय करतो? इंडियानामधल्या एका शेतावर अध्यक्षांचं भाषण चालू आहे. जॉश लायमन आणि टोबी झिग्लर, म्हणजे प्रचाराची सगळी अक्कल ज्यांच्याकडे आहे ते दोघे, बाजूला उभं राहून आपापसात वाद घालत बसतात. तेवढ्यात गाड्यांचा ताफा निघून जातो. हे दोघे आणि जॉशची सहायक डॉना शेतातच राहतात. पुढचे दोन तास त्यांची वॉशिंग्टनला पोचायची धडपड.

इकडे व्हाइट हाउसमध्ये भाषणलेखक सॅम एकटा किल्ला लढवतोय, अध्यक्ष नव्या सेक्रेटरीच्या मुलाखती घेताहेत, शेअर बाजार कोसळतोय, आणि एका विद्यापीठात पोहण्याच्या स्पर्धेच्या वेळी पाइप बॉम्ब फुटून ४४ माणसं जातात.

प्रश्न असा, की फेरनिवडणुकीच्या सीझनची अशी सुरुवात ही थोर कल्पना आहे की पळवाट? माझ्या मते थोर. पहिल्यांदा उभा राहणारा उमेदवार नुसती आश्वासनं देऊन सुटतो. दुसऱ्यांदा उभं राहणाऱ्याला चार वर्षांचा हिशोब द्यावा लागतो, आणि तो हिशोब ज्यांना द्यायचा ती माणसं या दोघांनी कित्येक दिवसांत पाहिलेलीच नाहीत. सॉर्किनने त्यांना उचलून त्या माणसांत टाकलं.

टवाळखोर (शुक्रवार, २१:२०)

पहिला. चहा घेऊन बसलोय. कडूकारले आले की बिस्किटं काढतो.

कडूकारले (शुक्रवार, २१:४७)

आलो. काढा बिस्किटं.

पळवाट. आणि तीसुद्धा बेमालूम नाही. सॉर्किनला निवडणूक लिहिण्यात रस नव्हता, त्याला हुशार माणसांची चुरचुरीत भांडणं लिहिण्यात रस होता. ती शेतात घातली काय किंवा कॉरिडॉरमध्ये, संवाद तेच. फेरनिवडणुकीत नाट्य कधी येतं? हरण्याची भीती असेल तर. इथे प्रतिस्पर्धी इतका ठोंब्या लिहिलाय की सातव्या भागात निकाल लागेपर्यंत एका क्षणीही बार्टलेट पडेल असं वाटत नाही.

आणि इंडियाना? १९६४ ला जॉन्सनला मत दिल्यावर त्या राज्याने अध्यक्षीय निवडणुकीत थेट २००८ ला ओबामाला मत देईपर्यंत डेमोक्रॅटला हात लावला नाही. २००२ साली मतदान तोंडावर असताना डेमोक्रॅटिक अध्यक्ष तिथे एक अख्खा दिवस घालवेल? प्रचारप्रमुखाला दुसऱ्या दिवशी नारळ मिळाला असता.

शुभांगी_के (शुक्रवार, २२:०५)

कडूकारले, तुम्ही भाग शेवटपर्यंत पाहिलाय ना? तुमचा मुद्दा मालिकेतच आहे.

शेतकऱ्याची मुलगी कॅथी त्यांना गाडीतून नेते (एमी अ‍ॅडम्स! तेव्हा तिला कुणी ओळखत नव्हतं). ती शेतीची अवस्था सांगायला बघते आणि तिला उत्तर काय मिळतं, तर इंडियाना आपण केव्हाच गमावलंय. शेवटी हॉटेलात डॉनाचा बांध फुटतो तो नेमका यावरून. कॅथीने दुसरी नोकरी धरलीय, कारण त्या नोकरीच्या विम्यात तिच्या वडिलांना घेता येतं. डॉना जॉश-टोबीला म्हणते, तुम्ही जत्रेची टिंगल केलीत, पण तिथे सगळ्यात मोठ्या टोमॅटोला बक्षीस देतात, आपण पिकवलेल्याचा त्यांना अभिमान आहे, हे तुम्हाला दिसलं नाही. आणि मग तो हिशोब: आठ प्रकारची वाहनं, सहा अनोळखी माणसांची मदत, आणखी बारा जणांशी गप्पा, आणि अख्ख्या दिवसात बार्टलेट विरुद्ध रिची हा विषय काढला फक्त तुम्ही दोघांनी.

तो सीन मी इतक्या वेळा पाहिलाय की नवरा आता आवाज ऐकून खोलीत येतच नाही.

कडूकारले (शुक्रवार, २२:१३)

शेवटपर्यंत पाहिलाय. गमावलेलं राज्य आहे हे पात्राच्या तोंडून वदवलं म्हणजे तिथे जाण्याचं कारण मिळालं असं होत नाही. उलट मग तर विमानाचं इंधन वायाच!

डॉनाचा सीन चांगला आहे, मान्य. पण ती बोलली, दोघे ओशाळले, पुढे? पुढच्या पाच भागांत पुन्हा रिचीला कसं झोपवायचं हेच.

हायवे_६५ (शुक्रवार, २२:५८)

इंडियानाचा रहिवासी हजर. कोलंबस, इंडियाना. ओहायोमधलं नाही, आमचं छोटं आहे. इथे मराठी माणसं पुष्कळ, आणि कारण पुणेकरांना सांगायला नकोच: कमिन्स. १९१९ साली याच गावात सुरू झालेली डिझेल इंजिनांची कंपनी. कोथरूडमधून निघून मक्याच्या शेतात उतरलेल्यांची आता दुसरी पिढी कॉलेजात आहे.

तीन गोष्टी सांगतो, कारण हा भाग आमच्यासाठी घरचं कार्य आहे.

एक, वेळेचा घोळ. भागात यांचं विमान चुकतं, कारण हद्द ओलांडली की घड्याळ बदलतं. लोकांना हा ओढूनताणून केलेला विनोद वाटतो. अजिबात नाही. २००६ पर्यंत इंडियानाच्या बहुतेक भागात घड्याळं उन्हाळ्यात पुढे करतच नसत. त्यामुळे आम्ही हिवाळ्यात न्यूयॉर्कबरोबर आणि उन्हाळ्यात शिकागोबरोबर. वायव्येचा गॅरीचा पट्टा आणि नैऋत्येचा एव्हान्सव्हिलचा पट्टा कायम शिकागोच्या वेळेवर, आणि ते घड्याळं बदलत. शिवाय आग्नेयेकडच्या सिनसिनाटी-लुईव्हिलजवळच्या काही काउंट्या कुणाला न विचारता न्यूयॉर्कप्रमाणे घड्याळ फिरवत. जुने लोक सांगतात, डॉक्टरची वेळ घेताना 'कुणाच्या घड्याळाने?' असं विचारायचीच पद्धत होती. एप्रिल २००६ पासून सगळं राज्य घड्याळ बदलायला लागलं. वेळेचे पट्टे मात्र अजून दोनच.

दोन, सोयाबीनच्या तेलावर चालणारी गाडी. माझं पोट डिझेल इंजिनांवर चालतं, म्हणून हा विषय जिव्हाळ्याचा. सोयाबीनचं तेल आणि मिथेनॉल यांची प्रक्रिया करून बायोडिझेल होतं, खाली ग्लिसरीन उरतं. कच्चं तेल टाकीत ओतलं आणि निघालो असं नसतं. साध्या डिझेलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळलं तर बहुतेक इंजिनं कुरकुर करत नाहीत. शंभर टक्के वापरलं तर थंडीत पंचाईत, शून्य अंशाच्या आसपासच ते गढूळ व्हायला लागतं आणि फिल्टर तुंबतो. शिवाय जुन्या टाकीतला साचलेला गाळही ते सोडवून आणतं आणि तोही फिल्टरमध्येच जाऊन बसतो. मालिकेत सप्टेंबर दाखवलाय म्हणून निभावलं. जानेवारीत शूटिंग असतं तर जॉश आणि टोबी अजून तिथेच असते.

तीन, इंडियानात अध्यक्ष कशाला येईल. कडूकारले, टीव्हीवर शेत हे शेतच दिसतं. पार्श्वभूमीला सोयाबीन आणि समोर टोपीवाले शेतकरी असले की ते चित्र आयोवातही चालतं आणि ओहायोतही. भाषण ऐकायला आलेल्यांसाठी कुठे असतं?

टवाळखोर (शुक्रवार, २३:०६)

आमच्या सोसायटीच्या मीटिंगला अर्धी मंडळी तासभर उशिरा येतात. ती सगळी नैऋत्य इंडियानातली असणार.

नीलकंठ (शुक्रवार, २३:१५)

हायवे_६५, सोन्यासारखा प्रतिसाद! घड्याळाचा इतिहास मला माहीत नव्हता, मीही तो विनोदच समजत होतो.

अर्धा_वकील (शनिवार, ०८:३०)

मला एक वेगळीच शंका. जॉश हा डेप्युटी चीफ ऑफ स्टाफ, टोबी कम्युनिकेशन्सचा प्रमुख. दोघांचा पगार सरकारी तिजोरीतून. मग हे प्रचाराला शेतावर काय करताहेत? अमेरिकेत हॅच कायदा आहे ना, १९३९ चा?

उत्तर मीच शोधून ठेवलंय, कारण रात्री झोप लागली नाही. सामान्य सरकारी नोकराला कामाच्या वेळेत पक्षाचं काम करता येत नाही. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष यांना तो कायदा लागू नाही. आणि व्हाइट हाउसमधल्या वरच्या मंडळींना एक खिडकी ठेवलीय: ते कामाच्या वेळेतही राजकीय काम करू शकतात, फक्त त्याचा खर्च सरकारी पैशातून होता कामा नये. एअर फोर्स वनसुद्धा तसंच. प्रचारासाठी वापरलं की निवडणूक समितीने प्रवासभाड्याच्या हिशोबाने सरकारला पैसे भरायचे. अर्थात ते विमान उडवायला तासाला जो खर्च येतो त्याच्यापुढे हे भाडं म्हणजे चिल्लर.

फेरनिवडणुकीचा खरा फायदा इथे असतो. समोरचा गव्हर्नर चार्टर्ड विमान शोधतोय आणि इकडे 'युनायटेड स्टेट्स ऑफ अमेरिका' लिहिलेलं विमान धावपट्टीवर उतरतंय. भाषण न करताच अर्धं काम झालं.

पेन्शनर (शनिवार, ०९:१०)

अर्धा_वकील, तुमचा मुद्दा वाचून आम्हा जुन्या लोकांना १२ जून १९७५ आठवणारच. अलाहाबाद उच्च न्यायालयात न्या. जगमोहनलाल सिन्हा यांनी इंदिरा गांधींची रायबरेलीची १९७१ ची निवड रद्द केली, ती कशावरून? यशपाल कपूर हे सरकारी नोकरीत असतानाच प्रचाराचं काम करू लागले, राजीनाम्याच्या तारखांचा घोळ झाला, ही एक बाब. सभेची व्यासपीठं आणि लाउडस्पीकरची वीज उत्तर प्रदेशच्या अधिकाऱ्यांनी पुरवली, ही दुसरी. पुढे आणीबाणी, कायद्यात मागल्या तारखेपासून बदल, आणि नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयात निकाल फिरला. जॉश-टोबी रायबरेलीत असते तर बार्टलेटचं काही खरं नव्हतं.

आम्ही त्या वेळी कचेरीत रेडिओभोवती उभे होतो. साहेब म्हणाले, कामाला लागा. कुणी हललं नाही.

टवाळखोर (शनिवार, ०९:२२)

काका, आणीबाणी सुरू झाली की धागा दोनशेच्या पुढे जातो आणि मग कुलूप लागतं. हळू घ्या.

देखरेख (शनिवार, ०९:४०)

आणीबाणीवर स्वतंत्र धागे आहेत. इथे मालिकेबद्दल आणि निवडणूक प्रचाराबद्दल बोलावे.

पेन्शनर (शनिवार, ०९:४४)

प्रचाराबद्दलच बोलत होतो. असो.

मृण्मयी (शनिवार, ११:०३)

मी सध्या तिसरा सीझन संपवलाय आणि बिनदिक्कत हे सगळं वाचलंय, त्यामुळे माझी काळजी नको.

पण फेरनिवडणुकीचा पहिला भाग म्हणायचा तर तो तिसऱ्या सीझनचा नाही का? 'मँचेस्टर'. दुसऱ्या सीझनच्या शेवटी बार्टलेटने मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार लपवल्याचं बाहेर येतं, पत्रकार परिषदेत विचारतात पुन्हा उभे राहणार का, तो खिशात हात घालून नुसता हसतो. 'मँचेस्टर'मध्ये तो न्यू हॅम्पशायरला जाऊन उमेदवारी जाहीर करतो. ऑक्टोबर २००१ मध्ये तो भाग आला, त्याच्या आधी ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांमुळे एक वेगळाच भाग घाईने करून दाखवला, म्हणून 'मँचेस्टर' पुढे गेला.

मला तो जास्त आवडला. त्यात प्रश्न खरा आहे: ज्याने मतदारांपासून आजार लपवला त्याने पुन्हा मत मागावं का? नीलकंठ म्हणतात तसा चार वर्षांचा हिशोब द्यायचा, तर हिशोबातली सगळ्यात मोठी रक्कम ही आहे.

कडूकारले (शनिवार, ११:२०)

मृण्मयी, शाब्बास. हेच. चौथ्या सीझनच्या सुरुवातीला तो आजार नावालाही उरत नाही. अमेरिकेच्या संसदेने ठपका ठेवला, त्याने मान खाली घातली, प्रकरण मिटलं. सोयाबीन बघा.

अर्धा_वकील (शनिवार, १२:१५)

खऱ्या इतिहासात याहून मोठी लपवाछपवी झालीय. १९४४ च्या मार्चमध्ये रूझवेल्टला तरुण हृदयरोगतज्ज्ञ हॉवर्ड ब्रून याने तपासलं तेव्हा हृदय निकामी होत चाललेलं होतं, रक्तदाब भयंकर. लोकांना सांगितलं काय, तर तब्येत वयाच्या मानाने उत्तम. नोव्हेंबरात चौथ्यांदा निवडून आला, १२ एप्रिल १९४५ ला गेला. चौथी टर्म शंभर दिवसही नाही.

दोनच वेळा निवडून येण्याची मर्यादा घटनेत आली ती त्यानंतर, बाविसावी दुरुस्ती, १९५१ ला मंजूर. म्हणजे बार्टलेटची ही निवडणूक शेवटची का आहे याचं मूळही रूझवेल्टमध्येच आहे.

रात्रपाळी (शनिवार, १४:४०)

एक भाबडी शंका. अमेरिकेत अध्यक्षांची निवडणूक २००० आणि २००४ ला झाली. मालिकेत २००२ ला कशी?

शुभांगी_के (शनिवार, १४:५२)

मालिकेचं पंचांग खऱ्यापेक्षा दोन वर्षं सरकलेलं आहे. बार्टलेट १९९८ ला निवडून येतो, २००२ ला दुसऱ्यांदा, आणि त्यानंतरची निवडणूक २००६ ला. निक्सननंतर कुठेतरी रूळ बदललेत असं चाहते धरून चालतात. मालिका स्वतः त्याचा खुलासा कधी करत नाही.

टवाळखोर (शनिवार, १४:५५)

इंडियानाचं घड्याळ!

हायवे_६५ (शनिवार, १५:१०)

:))) हा प्रतिसाद गावातल्या गणपतीत वाचून दाखवणार.

रात्रपाळी (शनिवार, २३:३१)

भाग आत्ताच दोन्ही सलग पाहिले. सॅमबद्दल कुणीच बोललं नाही? मला तर तोच धागा भारी वाटला. जॉश अडकला म्हणून सॅमला दिवसभर अध्यक्षांच्या सोबतीला बसवतात. एक मीटिंग संपायच्या आत दुसरी, दुसरीचा विषय पहिलीच्या दहा मैल लांब, आणि अध्यक्ष प्रत्येकाला नेमका प्रश्न विचारतोय. सॅम इतकी वर्षं तिथे नोकरी करून पहिल्यांदा ते काम बघतो. रोज भाषणं लिहून देणाऱ्यालाही माहीत नव्हतं की वाचणारा दिवसभर काय करतो.

आणि रात्रीच्या भाषणाचा शेवट सॅमने लिहिलेला. स्फोट ऐकून सरावाच्या तलावातून उठून जे पोहणारे आगीत शिरले त्यांच्याबद्दल. स्वर्गातले रस्ते आज देवदूतांनी फार भरून गेलेत, या अर्थाची ओळ येते तेव्हा हातातला डबा तसाच राहिला. प्रचाराचा सल्लागार ब्रूनो विचारतो हे कधी लिहिलंस, हा म्हणतो गाडीत.

कडूकारले (रविवार, ००:०५)

डबा खाऊन घ्या. ती ओळ टॉम हँक्सची आहे. १९९४ चं ऑस्कर घेताना, एड्सने गेलेल्यांबद्दल तो अगदी हेच बोलला होता. सॉर्किनने ती आठ वर्षांनी सॅमच्या पदरात टाकली. गाडीत लिहिलं म्हणे!

शुभांगी_के (रविवार, ००:२०)

उचलली आहे, यात वादच नाही. पण हँक्सचं भाषण अमेरिकेत घराघरांत ऐकलेलं होतं, लपून केलेला प्रकार नव्हे. आणि भाषणलेखक दुसऱ्याच्या चांगल्या ओळी लक्षात ठेवून नवीन जागी लावतात, त्याचाच त्यांना पगार मिळतो. मला खटकतं ते वेगळं. ४४ माणसं गेल्यावर सीनचा शेवट 'किती छान लिहिलंस' यावर होतो. तिथे सॉर्किनचं आरशावरचं प्रेम दिसतं.

कडूकारले (रविवार, ००:२४)

शुभांगीताई, आपण सहमत झालो. तारीख लिहून ठेवा.

नीलकंठ (रविवार, १०:१०)

ब्रूनोचा विषय निघालाच आहे तर एक. ब्रूनो जियानेली म्हणजे प्रचारासाठी भाड्याने आणलेला चाणक्य, रॉन सिल्व्हरने केलेला. डेमोक्रॅटिक अध्यक्षाला पडद्यावर दुसरी टर्म मिळवून देणारा हा नट २००४ च्या रिपब्लिकन अधिवेशनात बुशच्या बाजूने भाषण करायला उभा होता. आणि मालिकेच्या सल्लागारांत पॅट्रिक कॅडेल, म्हणजे १९८० ला फेरनिवडणूक हरलेल्या कार्टरचे सर्व्हेवाले. जिंकायची गोष्ट लिहायला हरलेल्याचा अनुभव. रेगनची भाषणं लिहिणाऱ्या पेगी नूननही सल्लागारांत होत्या, म्हणजे कार्टरला हरवणारी बाजूही त्याच टेबलावर.

पेन्शनर (रविवार, ११:३०)

हे आवडलं. आमच्याकडे तिकीट नाकारल्यावर पक्ष बदलतात, त्यांच्याकडे मालिका संपल्यावर. (सिल्व्हरने मालिका चालू असतानाच बदलला असेल तर त्याचं धाडस जास्त.)

आणि नव्या सेक्रेटरीबद्दल कुणी बोलेना म्हणून मी बोलतो. लिली टॉमलिनने केलेली डेबी. पहिल्या मुलाखतीत सगळा घोळ घालते. पण ती पूर्वी व्हाइट हाउसमध्येच नोकरीला होती आणि तिथून तिला काढलं होतं, कारण बड्या देणगीदाराच्या मुलाला डावलून तिने चार्लीला (अध्यक्षांचा खासगी मदतनीस) आत आणलं. हे ती स्वतः सांगत नाही. आम्ही ३४ वर्षं सरकारी आस्थापना विभागात काढली. वशिल्याच्या उमेदवाराला बाजूला सारून लायक पोरगा घेणारा माणूस काय किमतीला पडतो ते आम्हाला विचारा. प्रचार वगैरे ठीक आहे, मला त्या दोन तासांतला हा तुकडा सर्वांत राजकीय वाटला.

मृण्मयी (रविवार, ११:४५)

पेन्शनर काका, त्या बाई आवडल्याच होत्या, आता हे कळल्यावर पुन्हा पाहीन.

रात्रपाळी (रविवार, १२:२०)

आपल्याकडे अशी मालिका का होत नाही? 'सिंहासन' सोडून काही नाव घ्या बघू.

टवाळखोर (रविवार, १२:२२)

झालं. कुणीतरी म्हणणारच होतं, माझी पैज होती.

अर्धा_वकील (रविवार, १२:५०)

'सिंहासन'मध्ये निवडणूक नाहीच, मुख्यमंत्र्याला खाली खेचायचा डाव आहे. आणि तेच आपल्या व्यवस्थेचं नाट्य आहे. आपला मुख्यमंत्री मतदानाने जितका जातो तितकाच दिल्लीच्या एका फोनने जातो. अमेरिकेत अध्यक्षाला चार वर्षं कुणी सहजासहजी हलवू शकत नाही, मग सगळा जीव त्या एका नोव्हेंबरात अडकतो. गोष्टी वेगळ्या होणारच.

शुभांगी_के (रविवार, १९:०५)

मूळ प्रश्नाकडे येते, कारण त्यावर मला अनुभवाचं सांगायचं आहे.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. आमचं राज्य पक्कं डेमोक्रॅटिक, त्यामुळे निवडणुकीच्या शरदात इथले स्वयंसेवक डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात जातात. मी २००८ ला गेले आणि २०१२ ला पुन्हा गेले. दोन्ही वेळा बक्स काउंटी, क्लिपबोर्डवर नावांची यादी, एका मोहल्ल्यातली दारं. उमेदवार तोच.

२००८ ला लोक दारात उभं राहून बोलायचे. कुणी पाणी विचारायचं. आवडत नसेल तो हसून दार लावायचा. २०१२ ला दार उघडणारा माणूस आधी माझ्याकडे बिल दिल्यासारखा बघायचा. एकाचा कारखाना २०१० मध्ये बंद झालेला, त्याला माहीत होतं की ते माझ्यामुळे किंवा अध्यक्षामुळे झालं नाही, तसं तो म्हणालासुद्धा. तरी त्याने मला वीस मिनिटं उभं करून सगळं सांगितलं, कारण सरकारच्या बाजूने त्याच्या दारात आलेली मी पहिलीच. एका आजींना आरोग्यविम्याचा कागद समजत नव्हता, मी प्रचाराचं पत्रक पिशवीत ठेवून तो कागद वाचून दिला. विरोधी उमेदवाराचं नाव फार थोड्या दारांवर निघालं. आमच्या कागदावर मात्र दर दोन ओळींनंतर रॉम्नी होता, त्याच्यावर काय बोलायचं ते छापून दिलेलं.

म्हणून डॉनाचा तो सीन मला पटतो. बाहेरून बघणाऱ्याला फेरनिवडणूक म्हणजे दोन माणसांची कुस्ती दिसते. दारात उभं राहिलं की तिथे दुसरा माणूस नसतोच.

हॉटेलच्या बारमधला तो बाप आठवा. मुलीला नोत्र दाम विद्यापीठ दाखवायला आलाय. तिच्या शिक्षणासाठी ठेवलेले म्युच्युअल फंडातले पैसे त्याच दिवशीच्या बाजारात वितळलेत. तो चिडत नाही, मदतही मागत नाही. मुलीला शिकवणं कठीण असावं, त्यात त्याला कमीपणा वाटत नाही, पण थोडं, अगदी थोडं सोपं असायला हवं, एवढंच म्हणतो. जॉश आणि टोबी उठून जायला निघालेले असतात, ते परत बसतात आणि हात पुढे करून आपली नावं सांगतात. दोन तासांतला प्रचार म्हणाल तर तेवढाच.

हायवे_६५ (रविवार, १९:४०)

शुभांगीताई, काय लिहिलंत. आमच्याकडे २००८ च्या शरदात असंच वातावरण होतं. इंडियाना जेमतेम एका टक्क्याने ओबामाकडे गेलं आणि २०१२ ला परत गेलं. त्या मधल्या चार वर्षांत गावात नेमकं हेच बोलणं चालायचं.

कडूकारले (रविवार, २०:३०)

शुभांगीताई, तुमचा प्रतिसाद सॉर्किनच्या पटकथेपेक्षा चांगला आहे, आणि माझी तक्रारही त्यामुळेच पक्की झाली. तुमच्या दारातला माणूस चार वर्षांचा जाब विचारतो. सॉर्किनच्या बारमधला बाप सत्ताधाऱ्यांसमोर बसून त्यांना एकही अवघड प्रश्न विचारत नाही. बाजार पडला तो यांच्या राज्यात, फंड बुडाला तो यांच्या राज्यात, आणि हा गृहस्थ इतका समजूतदार की यांनाच धीर यावा. असा मतदार प्रत्येक सत्ताधाऱ्याला स्वप्नात दिसतो. पुढे त्यावरून शिक्षणखर्चावर करसवलतीची कल्पना निघते, म्हणजे दुःखावर ताबडतोब योजना. तुमच्या कारखानावाल्याला कुठल्या भागात घेतलं असतं?

नीलकंठ (रविवार, २१:०२)

हा मुद्दा सहज उडवून लावण्यासारखा नाही. पण मला वाटतं जाब विचारणारा माणूस बारमध्ये बसला असता तर जॉश आणि टोबीने दोन मिनिटांत त्याला वादात हरवलं असतं. त्यांचा तो धंदाच आहे. न भांडणाऱ्या माणसापुढेच त्यांची बोलती बंद होते.

कडूकारले (रविवार, २१:०९)

म्हणजे मतदाराने गप्प बसावं, तरच सरकार ऐकेल? नीलकंठराव, हे वाक्य मी जपून ठेवतोय.

टवाळखोर (रविवार, २१:११)

बिस्किटं संपली. चिवडा काढतो.

मृण्मयी (सोमवार, ०७:५०)

आजपासून चौथा सीझन सुरू करतेय. तो कुमार या काल्पनिक देशाचा धागा, तिथल्या संरक्षणमंत्र्याला मारल्याचा, तो पुढे ढकलत पाहिला तर चालेल का? तिसऱ्या सीझनमध्येच कंटाळा आला होता.

अर्धा_वकील (सोमवार, ०८:१५)

अजिबात ढकलू नका. सीझनचा शेवट त्याच्यावर उभा आहे. आणि सहावा भाग, वादविवादाचा, शांतपणे बसून बघा. रिचीवर कडूकारले का चिडतात ते तिथे कळेल.

कडूकारले (सोमवार, ०८:१८)

चिडत नाही. कीव येते.